तेल अमार्नाचा मासा आणि फुंकनळीच्या आधीची काचेची भांडी

निळाई

१९२१ साली इजिप्तमध्ये तेल अमार्नाच्या उत्खननात एका घराच्या जमिनीखाली पुरून ठेवलेला काचेचा मासा मिळाला. आज तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. लांबी साधारण साडेचौदा सेंटीमीटर. निळ्या अंगावर पांढऱ्या-पिवळ्या लाटांच्या ओळी, तेच त्याचे खवले. पर वरून जोडलेले. उघडं तोंड हेच भांड्याचं तोंड. मासा नाईलमधला तिलापिया, आणि काळ राजा आखेनातेनचा, म्हणजे इ.स.पू. १३५०च्या आसपासचा. आत बहुधा सुगंधी तेल ठेवत असावेत.

हा मासा फुंकून केलेला नाही. काच फुंकायची युक्ती माणसाला सापडायला त्यानंतर जवळजवळ तेराशे वर्षं जायची होती. आतून पोकळ, बाहेरून रंगीत, भिंत जेमतेम काही मिलिमीटरची, अशी वस्तू फुंकनळीशिवाय झाली कशी, यावर सविस्तर लिहावं म्हणून हा धागा.

आधी गाभा. धातूच्या सळईच्या टोकावर माती, वाळू आणि शेण किंवा भुस्सा यांचं मिश्रण थापून भांड्याच्या आतल्या पोकळीचा आकार करायचा आणि वाळवायचा. मग तो तापवून, सळई सतत फिरवत, त्याच्यावर मऊ काचेची जाड तार गुंडाळत न्यायची. पुन्हा भट्टीच्या तोंडाशी धरायचं आणि सपाट दगडावर लोळवायचं, म्हणजे वेढे एकमेकांत मिसळून अंग गुळगुळीत होतं. यानंतर नक्षी. वेगळ्या रंगांच्या बारीक तारा अंगाभोवती वेढायच्या आणि त्या मऊ आहेत तोवर एखाद्या टोकदार आकड्याने एकदा वर, एकदा खाली ओढायच्या. सरळ वेढ्यांच्या लाटा होतात, पिसं होतात, माशावर खवले होतात. परत लोळवलं की नक्षी अंगात बसते. शेवटी काठ, पाय, कान. सगळं अतिशय सावकाश थंड करायचं, सळई काढायची आणि गाभा खरवडून टाकायचा.

जुन्या पुस्तकांत गाभा थेट वितळलेल्या काचेत बुडवत असं लिहिलेलं आढळतं. आज बहुतेक अभ्यासक तारा गुंडाळण्याच्या बाजूने आहेत. काही भांड्यांसाठी काचेची भुकटी गाभ्यावर लावून ती तापवत असावेत, असंही एक मत आहे. मला तारांचंच पटतं, कारण अनेक भांड्यांतले बुडबुडे आडवे, ओढल्यासारखे लांबट दिसतात.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. आपल्या डोक्यात काच म्हणजे आरपार दिसणारी वस्तू. या कारागिरांना आरपार दिसायला नको होतं. त्यांना दगड हवा होता. लाजवर्द हा गडद निळा दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून यायचा, फिरोजा सिनाईतून. तो रंग भट्टीत मिळवणं हे काचेचं पहिलं काम. मेसोपोटेमियाच्या लेखांत डोंगरातला लाजवर्द आणि भट्टीतला लाजवर्द अशी वेगवेगळी नोंद होते. तुतनखामुनच्या सोन्याच्या मुखवट्यात शिरोवस्त्राचे निळे पट्टे काचेचे आहेत आणि भुवया खऱ्या लाजवर्दाच्या. राजाच्या चेहऱ्यावर दोन्ही शेजारी शेजारी बसतात. तेव्हा काच ही नक्कल असली, तरी हलक्या प्रतीची नक्कल नव्हती, हे डोळ्यांपुढे ठेवूनच हा मासा पाहावा.

ज्यांनी अशा वस्तू पाहिल्या आहेत किंवा काचेच्या कामाशी ज्यांचा संबंध आहे त्यांनी जरूर लिहा.

चक्रपाणी

निळाईताई, अतिशय सुंदर लेखन. दोन शंका. माशाचं तोंड एवढंसं, पोट केवढं मोठं. मग आतला गाभा पूर्ण कसा निघत असेल? आणि काच आणि माती एकदम थंड होताना काच तडकत कशी नसे?

भट्टीवरचा

चक्रपाणी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर मी लिहू शकतो. माझी सगळी नोकरी बाटल्यांच्या कारखान्यात गेली.

काच थंड होताना आकसते. आत गाभा कडक असेल आणि काचेइतका आकसत नसेल, तर काच त्याच्यावर ताणली जाते आणि फुटते. म्हणून गाभा ठिसूळ हवा. शेण आणि भुस्सा घालण्याचं कारण तेच. उष्णतेने तो जळतो, गाभ्यात बारीक पोकळ्या राहतात, आणि काच आवळू लागली की गाभा चेपला जातो. खरवडतानाही असा गाभा भुगा होऊन निघतो.

दुसरी गोष्ट सावकाश थंड करण्याची. आमच्याकडे बाटली साच्यातून निघाली की लेहरमध्ये जाते. तो एक लांब बोगदा असतो. पट्ट्यावरून बाटल्या पुढे सरकतात आणि तापमान टप्प्याटप्प्याने उतरतं. सोडा-चुन्याच्या काचेला ५०० अंशांच्या वरखाली पुरेसा वेळ मिळाला नाही, तर बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला नंतर, आणि दोघांत ताण राहून जातो. अशी बाटली डोळ्यांना ठणठणीत दिसते. रात्री गोदामात ठेवा, सकाळी ती फुटलेली असते, कोणी हात न लावता.

अमार्नाच्या कारागिराकडे तापमापक नव्हता. त्याला भट्टीचा रंग बघून आणि राखेची धग हाताने ओळखून हे साधायचं होतं. त्यातही एका भांड्यात चार रंगांची काच! प्रत्येक रंगाचा घटक वेगळा, म्हणून प्रत्येकीचं आकसणं थोडं थोडं वेगळं. ते जुळलं नाही तर पिवळी रेघ निळ्या अंगातून सुटून येते. हे जुळवण्यासाठी एकाच मूळ काचेत वेगवेगळे रंग घालणं हा सोपा मार्ग, आणि त्यांनी बहुतांशी तेच केलं असावं.

निळाई

भट्टीवरचा, ही माहिती पुस्तकातून मिळाली नसती. मनापासून आभार.

चक्रपाणी, गाभा पुष्कळदा पूर्ण निघत नसे. अनेक भांड्यांच्या आत आजही तांबूस-करड्या मातीचे कण चिकटलेले दिसतात, आणि आतला पृष्ठभाग खरबरीत, खड्ड्याखड्ड्यांचा असतो. संग्रहालयात अशी बाटली दिसली तर तोंडातून आत पाहा. फुंकलेली काच आतून गुळगुळीत असते, कारण तिला आतून हवेशिवाय कशाचाच स्पर्श झालेला नसतो. हा फरक एकदा नजरेत बसला की पाटी वाचायची गरज उरत नाही.

रंगांबद्दल थोडं. पांढरा रंग कॅल्शियम अँटिमोनेटचा, पिवळा शिसं आणि अँटिमनीच्या संयुगाचा. हेच बारीक स्फटिक काचेत तरंगत राहतात आणि तिला अपारदर्शक करतात. फिरोजी तांब्यापासून. गडद निळा कोबाल्टपासून, आणि हा कोबाल्ट इजिप्तच्या पश्चिम वाळवंटातल्या खारगा आणि दाखला या मरूद्यानांजवळच्या तुरटीतून येत असे. त्या तुरटीत जस्त, निकेल आणि मँगनीजही असतं. त्यामुळे ती काच पुढे कुठेही सापडली तरी तिचं मूळ ओळखता येतं.

याचा सगळ्यात मोठा पुरावा समुद्राच्या तळाशी मिळाला. १९८२ मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर उलुबुरुनजवळ स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याला बुडालेलं जहाज दिसलं. १९८४ ते १९९४ असं उत्खनन चाललं. जहाज इ.स.पू. चौदाव्या शतकाच्या अखेरचं. त्यात तांब्या-कथलाच्या बरोबरीने काचेच्या सुमारे १७५ लाद्या होत्या, निळ्या, फिरोजी, जांभळट. म्हणजे काच वितळवून तयार करणारा एक आणि तिचं भांडं करणारा दुसरा, तोही समुद्रापलीकडचा. कच्च्या काचेचा व्यापार धातूसारखा होत होता. रासायनिक तपासणीत त्या लाद्यांची काच इजिप्तच्या काचेशी जुळली.

सुमेधा_क

याला जोडून अमार्नाच्याच पत्रांचा उल्लेख करायला हवा. मातीच्या पाट्यांवरचा तो राजांचा पत्रव्यवहार. त्यात भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरच्या टायर आणि अश्कलोनचे राज्यकर्ते फेरोला, म्हणजे इजिप्तच्या राजाला, काच पाठवत असल्याचं लिहितात, कारण फेरोने ती मागवलेली असते. एकीकडे इजिप्त स्वतः काच करतं, दुसरीकडे मांडलिकांकडून मागवतं. इजिप्तमध्ये काच मुळापासून तयार होत होती का, यावर फार काळ वाद होता. नाईलच्या मुखप्रदेशात कांतीर इथे, म्हणजे रामसेसच्या राजधानीत, मुशी आणि अर्धवट झालेली काच मिळाली, आणि २००५ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाल्यावर इ.स.पू. तेराव्या शतकापुरता तो प्रश्न मिटला.

दुसरी गोष्ट निनेवेची. अश्शुरचा राजा अशुरबनिपाल याच्या ग्रंथालयात, म्हणजे इ.स.पू. सातव्या शतकात, काच करण्याच्या कृती कोरलेल्या पाट्या होत्या. त्यात भट्टीचा पाया कधी घालावा इथपासून सुरुवात आहे. शुभ महिना पाहावा, कुबू नावाच्या देवतांच्या मूर्ती बसवाव्यात, परक्या माणसाला आत येऊ देऊ नये, मेंढी बळी द्यावी, आणि मग कोणत्या झाडाची लाकडं जाळावीत, किती राख, किती दगड. पूजा आणि प्रमाण एकाच पाटीवर. मला यात अंधश्रद्धा दिसत नाही. भट्टी बिघडली की महिन्यांचं काम आणि मौल्यवान माल जातो, म्हणून तो माणूस सगळ्या बाजूंनी काळजी घेतो आहे.

भट्टीवरचा

सुमेधाताई, सहमत. नवी भट्टी पेटवताना आमच्याकडेही पूजा व्हायची, नारळ फुटायचा. मोठे अधिकारीही अनवाणी उभे राहायचे. भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत.

शरयू_लंडन

मी हा मासा अनेकदा पाहिला आहे. फोटोत तो खेळण्यासारखा भासतो, समोर उभं राहिलं की रंगांची खोली कळते.

त्याच इमारतीत लायकर्गस चषक आहे. तो इजिप्तचा नाही, रोमन काळाचा, चौथ्या शतकातला. पण या धाग्यात तो यायलाच हवा. उंची साधारण साडेसोळा सेंटीमीटर. समोरून उजेड पडला की फिक्कट हिरवा, जवळजवळ जेडसारखा. आतून किंवा मागून उजेड दिला की माणिकासारखा लाल. काचपेटीत उजेडाची योजना अशी केली आहे की दोन्ही दिसतं. लहान मुलं एका बाजूने पाहून दुसऱ्या बाजूला धावतात आणि परत येतात.

त्यावर थ्रेसचा राजा लायकर्गस द्राक्षवेलीत अडकलेला आहे. त्याने मद्याचा देव डायोनायसस याच्या अनुयायी अँब्रोसियावर हल्ला केला, ती वेल झाली आणि तिने त्याला करकचून बांधलं, अशी कथा. सगळ्या आकृत्या पेल्याच्या अंगापासून सुटून उभ्या आहेत, मागे फक्त बारीक दुवे. मुख्य आकृत्यांची शरीरं आतल्या बाजूने पोखरून पातळ केली आहेत, म्हणजे उजेड सगळीकडे सारखा पोचावा. करणाऱ्याने लाल रंग डोक्यात ठेवूनच काम केलं याचा मला तरी हा पुरावा वाटतो.

रसायनी

रंग का बदलतो ते सांगते. काचेत सोनं आणि चांदीचे अतिसूक्ष्म कण आहेत, ५० ते १०० नॅनोमीटरचे. चांदीचं प्रमाण दशलक्षात साधारण ३००, सोन्याचं सुमारे ४०. एवढ्या बारीक कणांवर प्रकाश पडला की धातूतले इलेक्ट्रॉन एकत्र दोलायमान होतात, प्रकाशाचा काही भाग शोषला जातो आणि काही विखुरतो. विखुरलेला भाग आपल्याकडे परततो तो हिरवट, आरपार जाणारा उरतो तो लाल. ब्रिटिश म्युझियमने १९५८ मध्ये चषक घेतल्यावर तपासणीला सुरुवात झाली, पण कणांची नेमकी रचना १९९० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट झाली.

पण हे रोमन लोकांना ‘माहीत’ होतं असं म्हणायला मी तयार नाही. ‘प्राचीन नॅनोतंत्रज्ञान’ असे मथळे फिरतात, ते मला पटत नाहीत. ४० दशलक्षांश सोनं हे मोजून टाकायचं प्रमाणच नाही. सोन्याचांदीचा अंश असलेलं काही तरी भट्टीत पडलं आणि रंग आला, अशी शक्यता जास्त आहे. असा रंग बदलणाऱ्या रोमन काचेचे मोजकेच नमुने जगात उरले आहेत. कृती पक्की हाताशी असती तर खूप अधिक मिळाले असते.

भट्टीवरचा

रसायनीताई, प्रमाणाचा मुद्दा मान्य, पण निष्कर्षाशी माझा मतभेद आहे. कणांचं कारण कळणं आणि कृती हाताशी असणं या वेगळ्या गोष्टी. पिढ्यान् पिढ्या काम करणारा भट्टीवाला ‘अमक्या मालाची एवढी चिमूट, मग झाकून एवढा वेळ’ असं सांगतो, आणि ते जमतं. का, हे त्याला विचारू नये.

सोनं विरघळवलेल्या काचेत रंग आपोआप येत नाही. काच थंड करून परत ठरावीक तापमानाला न्यावी लागते, तेव्हा कण वाढतात. भट्टीतलं वातावरणही बरोबर हवं. अपघाताने एकदा लाल काच झाली असेल. पण ती झाल्यावर कोणी तरी ओळखलं, जपून ठेवलं, जाड पेल्याच्या आकारात आणलं आणि सगळ्यात हुशार कोरीवकाम करणाऱ्याच्या हाती दिलं. शरयूताईंनी सांगितलेली आतली पोखरण त्याच गोष्टीकडे बोट दाखवते.

रसायनी

काचेच्या जातीची निवड जाणीवपूर्वक होती, हे तुमच्या युक्तिवादाने पटतं. कृती पुन्हा पुन्हा साधता येत होती का, यावर मी अजून साशंकच आहे. नमुन्यांची संख्या माझ्या बाजूने आहे.

तगरकर

मी तेरचा. आमच्या गावाचा काचेशी संबंध आहे, तो नोंदवतो.

पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे आमचं तेर, ही दक्षिणेतली दोन मोठी बाजारपेठांची गावं म्हणून येतात. भडोचपासून पैठण वीस दिवस दक्षिणेला आणि तिथून तगर आणखी दहा दिवस पूर्वेला. इथला माल बैलगाड्यांनी अवघड वाटांवरून भडोचला जायचा. पैठणचा दगड, तगरचं कापड. आणि त्याच ग्रंथात भडोचला उतरणाऱ्या आयात मालात कच्ची काच आहे. केरळातल्या मुझिरिसलाही कच्ची काच. मात्र सिंधूच्या मुखावरच्या बार्बरिकॉनला काचेची तयार भांडी.

मला हा फरक फार बोलका वाटतो. आपल्याकडे काच भांड्यांसाठी हवी नव्हती. तेर, नेवासे, पैठण, कोल्हापूर इथल्या सातवाहनकालीन थरांत काचेचे मणी आणि बांगड्या मिळतात. तेरला लामतुरे संग्रहालयात मणी अवश्य पाहा. पाण्याला तांब्या, प्यायला फुलपात्र, सणाला पान आणि द्रोण असलेल्या समाजाला काचेचा पेला कशाला हवा? पण मनगटावर आणि गळ्यात काच हवीच.

चक्रपाणी

तगरकर, वा! मग आपले कारागीर मागे होते असं समजायचं का?

तगरकर

मुळीच नाही. मण्यांच्या कामात ते जगाच्या पुढे होते. पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडूला आणि पुढे आग्नेय आशियापर्यंत जे बारीक एकरंगी मणी मिळतात, ते काचेची पोकळ नळी ओढून आणि तिचे तुकडे करून केलेले आहेत. एका मण्यासाठी एक वेढा घालत बसायचं नाही. लांबच लांब नळी ओढायची आणि हजारो मणी कापायचे. आंध्रातल्या पापानायुडुपेटला ही पद्धत आमच्या काळापर्यंत चालत आली. काचेच्या गोळ्यात हवेची पोकळी ठेवून तो ओढायचा, हे डोकं फुंकण्याच्या अगदी जवळचं आहे. वस्तू वेगळी हवी होती म्हणून वाट वेगळी झाली.

निळाई

तगरकर, तुमचा प्रतिसाद हा या धाग्याचा मुख्य भाग झाला आहे.

फुंकण्याचा विषय निघालाच आहे, तर लिहिते. जेरुसलेमच्या ज्यू वस्तीत उत्खननात इ.स.पू. पहिल्या शतकाच्या मध्याचा टाकाऊ काचेचा ढीग मिळाला. एका बुजवलेल्या स्नानकुंडात तो टाकलेला होता. त्यात काचेच्या नळ्या आहेत, काहींची एक बाजू फुगवलेली. धातूची फुंकनळी येण्याच्या आधी काचेचीच नळी, एक टोक बंद करून, तापवून फुगवून पाहत होते. तिथून एक-दोन पिढ्यांत सगळं बदललं. गाभ्यावर एक बाटली करायला जो वेळ लागे तेवढ्यात फुंकून कितीतरी होऊ लागल्या. भूगोलकार स्ट्राबो लिहितो की रोममध्ये काचेचा पेला तांब्याच्या एका नाण्याला मिळतो.

त्यासोबत काचेचं कामच पालटलं. दगडासारखं दिसणं मागे पडलं. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो की सगळ्यात जास्त मान स्फटिकासारख्या रंगहीन, आरपार काचेला. मला याची थोडी हळहळ वाटते. फुंकलेल्या काचेचं सौंदर्य हलकेपणात आहे, पण अमार्नाच्या त्या जड, ठाशीव निळ्याला तोड नाही.

अर्थात रंगाचा सोस लगेच संपला नाही. त्याआधी आणि त्याच सुमाराला रंगीत कांड्यांचे जुडगे एकत्र तापवून ओढायचे, त्यांचे काप करायचे, काप शेजारी शेजारी मांडून वितळवून चकती करायची आणि ती साच्यावर वाकवून वाडगा करायचा, ही पद्धत भरात होती. ग्रीसमध्ये अँटिकिथेराजवळ बुडालेल्या जहाजातून, ज्यातलं गणनयंत्र प्रसिद्ध आहे, असे वाडगे निघाले आहेत. शतकानुशतकं पाण्यात राहूनही रंग शाबूत.

प्रवासी_पक्षी

माशावरून आठवलं. पॅरिसला गिमे संग्रहालयात अफगाणिस्तानातल्या बेग्रामच्या वस्तू पाहिल्या. १९३७ आणि १९३९ मध्ये तिथे फ्रेंच पुरातत्त्वज्ञांना दोन बंद खोल्यांत खजिना मिळाला. हिंदुस्थानातल्या हस्तिदंती फळ्या, चिनी लाखकाम आणि रोमन काच, सगळं एकत्र. त्यात काचेचे मासेही आहेत, साधारण पहिल्या शतकातले. हे फुंकलेले. अंग पातळ, जवळजवळ रंगहीन, आणि पर निळ्या काचेच्या तारेने वरून ओढलेले, तार आत-बाहेर वळवत नेलेली. निळाईताई, तुमच्या माशाच्या शेजारी ठेवून पाहायला हवेत.

निळाई

प्रवासी_पक्षी, किती नेमकी जोडी! दोघांनाही मासाच करायचा होता. अमार्नाचा कारागीर अंगावर खवले ओढत बसला, कारण त्याच्या काचेला पृष्ठभागच दाखवायचा होता. बेग्रामच्या माशाला खवल्यांची गरजच पडली नाही. पातळ अंगातून उजेड जातो, तेवढ्याने तो पाण्यातला वाटतो. वर घातलेली तार मात्र दोघांत तीच. चिक्कीचा पाक जसा एका ठरावीक क्षणीच तार धरतो, तशी काचेलाही थोडीच वेळ मिळते, आणि दोघांनी तो क्षण पकडला आहे.

मृगनयनी

सगळं अधाशासारखं वाचलं. न फुटणाऱ्या काचेची एक गोष्ट ऐकली होती. सम्राट टायबेरियसला कोणी तरी ती दाखवली आणि त्याने त्या माणसाचा घातच केला म्हणे. खरं आहे का?

सुमेधा_क

मृगनयनी, ही कथा प्लिनीच्याही काळात फिरत होती. तो वाकणाऱ्या काचेबद्दल लिहितो आणि म्हणतो की सोन्या-चांदीची किंमत उतरू नये म्हणून त्या कारागिराची कर्मशाळाच नष्ट केली. पण लगेच असंही नोंदवतो की ही कथा जितकी सांगितली जाते तितकी खात्रीची नाही. शिरच्छेदाचा भाग इतर लेखकांनी जोडला.

शरयू_लंडन

फुटण्यावरून पोर्टलँड कलशाबद्दल लिहिते. तोही ब्रिटिश म्युझियममध्येच आहे, पहिल्या शतकाच्या सुरुवातीचा. गडद निळ्या काचेवर पांढऱ्या काचेचा थर आणि पांढरा थर कोरून काढलेल्या आकृत्या. ७ फेब्रुवारी १८४५ ला एका तरुणाने संग्रहालयातलीच एक जड वस्तू त्याच्यावर फेकली आणि कलशाच्या ठिकऱ्या उडाल्या. तेव्हाच जोडला, मग १९४८-४९ मध्ये पुन्हा, आणि १९८७ ते १९८९ मध्ये तिसऱ्यांदा. पहिल्या जोडणीत ३७ बारीक तुकडे बाहेर राहिले होते. ते शंभरेक वर्षांनी परत आले. आज जवळून पाहिलं तरी सांधे सहज दिसत नाहीत, इतकी सफाई आहे.

भट्टीवरचा, निळ्यावर पांढरा थर बसवायचा म्हणजे तुम्ही म्हणता तो आकसण्याचा प्रश्न इथे सगळ्यात कठीण असणार ना?

भट्टीवरचा

अगदी बरोबर. बहुतेकांच्या मते निळा फुगा थोडा फुंकून वितळलेल्या पांढऱ्या काचेत बुडवला आणि मग दोन्ही थर एकत्र फुगवले. दोघांचं आकसणं जवळपास एकच नसेल तर थंड होतानाच पांढरा थर सुटतो, किंवा पुढे कोरताना चाकाचा पहिला स्पर्श झाला की भांडं जातं. महिनोन् महिने कोरून झाल्यावरही ते जाऊ शकतं.

कलमबहाद्दर

मी वकिली करतो. बरेच दिवस नुसता वाचत होतो, पण इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण नेमका हाच प्रश्न रोमन कायद्यात आहे.

तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला उल्पियन नावाचा न्यायशास्त्रज्ञ होता. त्याची मतं पुढे सम्राट जस्टिनियनच्या ‘डायजेस्ट’ या कायद्याच्या संग्रहात, ५३३ मध्ये, संकलित झाली. नुकसानभरपाईच्या अक्विलियन कायद्यावर लिहिताना तो उदाहरण देतो: तुम्ही जाळीच्या कामाचा पेला करायला दिलात आणि कारागिराने अकौशल्याने तो फोडला, तर तो जबाबदार. पण पेल्यात मुळातच सदोष तडे असतील आणि त्यामुळे तो फुटला, तर त्याला माफी मिळू शकते. आणि पुढे: म्हणूनच असा माल हाती घेताना कारागीर बहुधा आधीच ठरवून घेतात की जोखीम आमची नाही. तसं ठरलं असेल तर त्यांच्यावर दावा चालत नाही.

शरयूताईंनी वर्णन केलेला लायकर्गस चषक याच जातीतला. जाड पेला घेऊन बाहेरून इतकं कोरायचं की जाळी अंगापासून सुटी उभी राहावी. अशा पेल्यांची संख्या जगात पन्नासच्या आसपास सांगतात. माझ्या दृष्टीने उल्पियनची ती ओळ म्हणजे एका कारागिराच्या करारातलं कलमच आहे.

भट्टीवरचा

कलमबहाद्दर, ही माहिती माझ्यासाठी संपूर्ण नवीन. आणि तांत्रिकदृष्ट्या अगदी रास्त. नीट थंड न केलेल्या जाड काचेतला ताण डोळ्यांना दिसत नाही. आम्ही ध्रुवित प्रकाशात काच धरून तो पाहतो, त्यात रंगांचे पट्टे उमटतात. कोरणाऱ्या रोमन माणसाकडे हे साधन नव्हतं. भांडं ओतणाऱ्याने थंड करताना घाई केली असेल, तर तिचं फळ कोरणाऱ्याच्या हातात फुटायचं. करार करणं त्याला भागच होतं. यावरून ओतणारा आणि कोरणारा वेगळे असावेत असं दिसतं. निळाईताई, तसं काही कुठे नोंदलेलं आहे का?

निळाई

आहे. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या ३३७ सालच्या एका फर्मानात कित्येक धंद्यांतल्या कारागिरांना सार्वजनिक सक्तीच्या कामांतून सूट दिली आहे. त्या यादीत काच करणारे आणि जाळीचं काम करणारे यांची नोंद वेगवेगळी आहे. सूट का, तेही फर्मानातच लिहिलं आहे: या लोकांना आपलं कसब वाढवायला आणि ते आपल्या मुलांना शिकवायला सवड मिळावी.